बारा टक्के शेअरांची किंमत: कुंडईच्या कंपनीचा पहिला इंड एएस ताळेबंद

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत गोळ्या-कॅप्सूल बनवणारी एक खासगी कंपनी आहे. शेअर बाजारात तिची नोंदणी नाही, माल मुख्यतः निर्यात होतो. ३१ मार्च २०२४ च्या ताळेबंदात तिची नेट वर्थ (भांडवल आणि साठलेला नफा मिळून) पहिल्यांदा २५० कोटींच्या वर गेली. त्यामुळे २०२४-२५ पासून जुनी लेखामानके (एएस) सोडून इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारी भारतीय लेखामानके, लागू झाली. मागच्या वर्षाचे तुलनात्मक आकडेही नव्या पद्धतीनेच द्यायचे असतात, म्हणून संक्रमणाची तारीख ठरली १ एप्रिल २०२३. एका वर्षाचे हिशेब करायला बसलेल्या लेखा विभागाला तीन ताळेबंद नव्याने मांडावे लागले.

कंपनी आणि तिचे आकडे या अभ्यासासाठी रचलेले आहेत. मानकांचे नियम, करांचे दर आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

जुन्या पद्धतीत, म्हणजे एएस १३ नुसार, दीर्घ मुदतीची गुंतवणूक खरेदी किमतीला दाखवायची आणि कायमची घट झाली तरच कमी करायची. इंड एएस १०९ आल्यावर ती सोय संपली. दुसऱ्या कंपनीचे शेअर, मग ते बाजारात नोंदलेले असोत वा नसोत, वाजवी मूल्याला दाखवावे लागतात. अपवाद उपकंपनी, सहयोगी कंपनी आणि संयुक्त उपक्रमाचा. कुंडईच्या कंपनीकडे पेडणे तालुक्यातल्या एका ९६ खोल्यांच्या रिसॉर्टचे १२ टक्के शेअर आहेत. २०१४-१५ मध्ये दर्शनी १०० रुपयांना घेतलेले ३.६ लाख शेअर, एकूण ३.६० कोटी रुपये. संचालक मंडळात कंपनीचा माणूस नाही, धोरणात काही म्हणणे नाही. २० टक्क्यांच्या आत हिस्सा आणि प्रभाव नाही, म्हणून ही सहयोगी कंपनी ठरत नाही. म्हणजे या शेअरांचे वाजवी मूल्य काढणे भागच होते.

सुरुवातीला टेबलावर आलेले तीन आकडे

पहिल्या मसुद्यात लेखापालांनी ३.६० कोटीच ठेवले होते. कारण दिले होते, ‘बाजारभाव उपलब्ध नाही.’ मानक हे मान्य करत नाही. खरेदी किंमत हाच वाजवी मूल्याचा सर्वांत चांगला अंदाज असू शकतो, पण फार मोजक्या परिस्थितीत: ताजी माहिती पुरेशी नसेल, किंवा शक्य मूल्यांचा पट्टा फार रुंद असून किंमत त्यात नीट बसत असेल. येथे दहा वर्षांपूर्वीची किंमत आहे. मधल्या काळात रिसॉर्टने खोल्या वाढवल्या, कर्ज घेतले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली. ज्या तालुक्यात रिसॉर्ट आहे त्याच तालुक्यात विमानतळ आल्यावर २०१४ ची किंमत आजची समजायला काहीच आधार उरत नाही.

दुसरा आकडा ४.९२ कोटींचा होता. करसल्लागारांनी आयकर नियम ११यूए चे सूत्र लावून तो काढून दिला होता. हे सूत्र ताळेबंदातल्या पुस्तकी किमती घेते, स्थावर मालमत्तेला मुद्रांक शुल्काचे मूल्य लावते आणि नफा कमावण्याची ताकद बघतच नाही. करासाठी ते योग्य आहे. इंड एएस ११३ चा प्रश्न मात्र वेगळा आहे: मापनाच्या दिवशी, घाईगर्दी नसलेल्या नेहमीच्या व्यवहारात, जाणकार आणि स्वतंत्र खरेदीदार या मालमत्तेला काय देईल? सूत्राला हा प्रश्न विचारताच येत नाही. म्हणून ११यूए चा दाखला या कामात पुरावा म्हणून चालत नाही, कितीही शिक्के असले तरी.

तिसरा आकडा एका प्रत्यक्ष व्यवहारातून निघाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिसॉर्टच्या प्रवर्तकांच्या बहिणीने आपले २ टक्के शेअर भाच्याला ६० लाखांना दिले. त्या हिशेबाने १२ टक्क्यांचे ३.६० कोटी होतात. योगायोगाने हीच खरेदी किंमत, त्यामुळे पहिल्या आकड्याला बळ मिळाल्यासारखे वाटले. पण हा घरातला व्यवहार होता. वाटणीच्या वेळी जमीन कोणाकडे, घर कोणाकडे, शेअर कोणाकडे हे एकत्र ठरते आणि एकाची किंमत दुसऱ्यात मुरते. गोव्यात कुटुंबाच्या हातातली हॉटेले पुष्कळ आहेत, त्यामुळे असे व्यवहार सापडतातच. ते पुराव्यात जरूर नोंदवावेत आणि का सोडले हेही लिहावे. संबंधित व्यक्तींमधला व्यवहार बाजाराच्या अटींवर झाल्याचे दाखवता आले तरच त्याला वजन देता येते. येथे ते दाखवता आले नाही.

कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांचे म्हणणे होते, ‘आम्ही हे शेअर विकणारच नाही, मग विक्रीची किंमत कशाला?’ हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक कंपनीत येतो आणि त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. वाजवी मूल्य शेअरांचे असते. ते ज्याच्याकडे आहेत त्याच्या मनातल्या बेताचे नसते. धारकाचा बेत फक्त एका ठिकाणी कामाला येतो: फरक नफा-तोट्यात दाखवायचा की इतर सर्वसमावेशक उत्पन्नात (नफ्याबाहेर ठेवून थेट इक्विटीत, म्हणजे मालकांच्या निधीत, जाणारी वाढ-घट), ते निवडताना. व्यापारासाठी न ठेवलेल्या शेअरांसाठी कंपनीला दुसरा मार्ग निवडता येतो. ही निवड प्रत्येक गुंतवणुकीसाठी स्वतंत्र असते आणि एकदा केली की बदलता येत नाही. कुंडईच्या कंपनीने तोच मार्ग घेतला. त्याची किंमतही समजून घ्यावी लागते. उद्या शेअर विकून चांगला नफा झाला तरी तो नफा-तोटा पत्रकात कधीच येणार नाही, थेट इक्विटीतच राहील. संचालक मंडळाच्या ठरावात हे वाक्य मुद्दाम लिहून घेतले, ते बरे झाले.

खरेदीदार कोण असेल?

गुणक शोधण्याआधी व्हॅल्युअरने, म्हणजे मूल्य काढणाऱ्या तज्ज्ञाने, दोन गोष्टी मागवल्या: रिसॉर्ट कंपनीचे आर्टिकल्स (कंपनीची अंतर्गत नियमावली) आणि भागधारकांमधला करार. करार असा नव्हताच. आर्टिकल्समध्ये दोन कलमे होती. शेअर विकायचे तर आधी उरलेल्या भागधारकांना देऊ करायचे, आणि हस्तांतरण नाकारण्याचा अधिकार संचालकांना. ही बंधने शेअरांनाच चिकटलेली आहेत, नव्या मालकाकडेही ती जातील. म्हणून किमतीत ती धरायची. उलट, कुंडईच्या कंपनीने स्वतःच्या बँकेला ‘हे शेअर विकणार नाही’ असे लिहून दिले असते, तर ते बंधन फक्त धारकावर राहिले असते आणि किमतीतून वगळावे लागले असते. या दोहोंत नेहमी गल्लत होते, म्हणून कागद हातात घेऊन बंधन कोणावर आहे ते वाचणे हीच पहिली पायरी.

प्रवर्तकांनी शेअर विकले तर त्याच दराने अल्पांश धारकालाही विकता येतील, असे कलम कोठेही नव्हते. ही उणीव पुढे फार महत्त्वाची ठरली.

गुणकाचा हिशेब

बाजारात नोंदलेल्या लहान हॉटेल कंपन्यांचा एंटरप्राइझ मूल्य (कर्जासह संपूर्ण व्यवसायाचे मूल्य) हे एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) किती पट आहे, हा गुणक घेतला. मधला आकडा १६ पट आला. रिसॉर्ट एकच, एकाच किनाऱ्यावर, आकाराने लहान, पावसाळ्यात मंद. म्हणून ३० टक्के कपात करून ११.२ पट धरला. पुढचा हिशेब असा:

एबिटडा, भाडे वजा न करता: ९.०० कोटी
एंटरप्राइझ मूल्य, ११.२ पट: १००.८० कोटी
वजा बँक कर्ज: २२.०० कोटी
वजा भाडेपट्ट्याचे दायित्व: ३.८० कोटी
अधिक रोख शिल्लक: ३.०० कोटी
इक्विटीचे मूल्य: ७८.०० कोटी
१२ टक्के: ९.३६ कोटी
वजा विकायला अवघड असण्याची सूट, २२ टक्के: २.०६ कोटी
वाजवी मूल्य: ७.३० कोटी

हिशेब दिसतो सरळ, पण याच ओळींत तीन चुका दडू शकतात. या हिशेबाच्या मसुद्यांत तिन्ही झाल्या होत्या.

पहिली चूक हंगामाची. मूल्यांकनाचे काम जानेवारीत सुरू झाले तेव्हा एप्रिल ते डिसेंबरचे नऊ महिन्यांचे आकडे हाती होते. भाडे वजा जाता एबिटडा ५.४० कोटी. त्याला बारा भागिले नऊ केले, ७.२० कोटी आले. गोव्यात हे चालत नाही. या नऊ महिन्यांत जून ते सप्टेंबरचा पावसाळा पुरा येतो, पण जानेवारी ते मार्चचा भरात असलेला हंगाम बाहेर राहतो. प्रत्यक्षात त्या तीन महिन्यांनी ३.०० कोटी दिले आणि वर्षाचा आकडा ८.४० कोटी झाला. १.२० कोटींच्या या फरकाला ११.२ ने गुणले, १२ टक्के घेतले आणि सूट वजा केली की १.२६ कोटींचे अंतर पडते. किनारी हॉटेलाचे मूल्य काढताना सलग बारा महिनेच घ्यावेत. मार्चचे आकडे आले नसतील तर आधीच्या वर्षाची जानेवारी-मार्च तिमाही जोडून बारा महिने पुरे करावेत.

दुसरी चूक भाड्याची, आणि ही अनुभवी लोकांकडूनही होते. रिसॉर्टच्या जमिनीचा एक भाग कोमुनिदादीकडून (गावाच्या सामाईक जमिनीची मालकी असलेल्या गोव्यातल्या जुन्या संस्थेकडून) भाडेपट्ट्यावर आहे. रिसॉर्ट कंपनी जुन्या लेखामानकांवर चालते, त्यामुळे तिचे ६० लाखांचे वार्षिक भाडे खर्चात जाते आणि एबिटडा ८.४० कोटी दिसतो. ज्या नोंदलेल्या कंपन्यांवरून गुणक काढला त्या इंड एएस ११६ पाळतात. त्यांचे भाडे एबिटडामध्ये नसते, ते घसारा आणि व्याजात विखुरलेले असते, आणि भाडेपट्ट्याचे दायित्व कर्जात मोजले जाते. म्हणजे गुणक एका मापाचा आणि एबिटडा दुसऱ्या मापाचा. मसुद्यात ८.४० कोटींना ११.२ ने गुणले होते आणि वर भाडेपट्ट्याचे ३.८० कोटी दायित्वही वजा केले होते. इक्विटी ७१.२८ कोटी आली, म्हणजे एकाच भाड्याचा भार दोनदा पडला. आपल्या १२ टक्क्यांवर याचा परिणाम ६३ लाखांचा. दोन्ही बाजू भाड्यासह घ्या किंवा दोन्ही भाड्याविना, पण मिसळू नका.

तिसरी चूक सुटींची. मसुद्यात ९.३६ कोटींतून आधी ‘अल्पांश हिस्सा’ म्हणून २० टक्के आणि मग ‘विक्रीची अडचण’ म्हणून २२ टक्के कापले होते. उत्तर ५.८४ कोटी. पण शेअर बाजारातला रोजचा भाव हा मुळात अल्पांश हिश्श्याचाच भाव असतो. शंभर शेअर घेणाऱ्याला कंपनीचा ताबा मिळत नाही. गुणक अशा भावांवरून काढला असेल तर अल्पांशाची सूट त्यात आधीच आलेली आहे. ती पुन्हा कापल्याने १.४६ कोटी विनाकारण गेले. गुणक पूर्ण कंपन्यांच्या विक्रीवरून काढला असता तर ही सूट बरोबर ठरली असती. म्हणून सूट लावण्याआधी विचारायचे: हा गुणक कोणत्या व्यवहारातून आला?

आता २२ टक्क्यांविषयी. ‘साधारण २०-२५ टक्के घेतात’ असे अहवालात लिहिले की ऑडिटर तो परत पाठवतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. येथे पुट ऑप्शनची रीत वापरली. शेअर विकायला तीन वर्षे लागतील असे धरायचे आणि तेवढ्या काळात भाव पडू नये म्हणून आज विमा घेतल्यास काय पडेल ते काढायचे. अस्थिरता (वर्षभरातला भावाचा चढ-उतार) ५० टक्के, जोखीममुक्त दर ६.७ टक्के, काळ ३ वर्षे धरून ब्लॅक-शोल्स या ऑप्शनची किंमत काढण्याच्या सूत्राने सुमारे २२ टक्के येतात. या रीतीचा स्वभाव माहीत असावा. काळ ३ वरून २ वर्षे केला तर सूट २० टक्क्यांवर येते, फारशी हलत नाही. अस्थिरता ५० वरून ४० केली तर थेट साडेसोळा टक्क्यांवर उतरते. म्हणजे वेळ घालवायचा तो अस्थिरतेचा पुरावा जमवण्यात. बैठकांमध्ये मात्र चर्चा ‘किती वर्षे’ यावरच रंगते.

दुसरी बाजू तपासणे

एकाच पद्धतीवर अवलंबून राहिले नाही. येणाऱ्या रोख प्रवाहांचे वर्तमान मूल्य काढून, म्हणजे डीसीएफने, इक्विटी ७२ कोटी आली. वटवण्याचा, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणण्याचा, दर १४.५ टक्के, अंदाजाच्या काळानंतरची कायमची वाढ ५ टक्के. १२ टक्के म्हणजे ८.६४ कोटी, सूट जाऊन ६.७४ कोटी. येथे एक गोष्ट जपली. प्रवर्तक कुटुंबातल्या दोघांचे पगार बाजारापेक्षा जास्त आहेत. संपूर्ण कंपनी घेणारा ते उद्या थांबवेल, म्हणून ताब्याचे मूल्य काढताना ते नफ्यात परत मिळवतात. १२ टक्के घेणाऱ्याला ते थांबवता येत नाहीत. म्हणून पगार आहेत तसेच ठेवले.

दोन उत्तरे आली, ७.३० आणि ६.७४. सरासरी ७.०२ कोटी. सरासरीच का, हा प्रश्न रास्त आहे. मानक सरासरी मागत नाही, पट्ट्यातला सर्वांत प्रातिनिधिक बिंदू मागते. रिसॉर्टचे मागच्या तीन वर्षांचे अंदाज प्रत्यक्षाशी ताडले तेव्हा ते चुकल्याचे दिसले, पण कधी वर, कधी खाली. दुसरीकडे गुणकावरची ३० टक्के कपात हाही अंदाजच आहे. दोन्ही पद्धती सारख्याच कच्च्या, म्हणून वजन समान. ही कारणमीमांसा अहवालात लिहिली, आकड्याइतकीच तीही गरजेची होती.

शेअर हस्तांतरणाचे ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क आणि मध्यस्थाची फी यातून वजा केली नाही. व्यवहाराचा खर्च हा मालमत्तेचा गुणधर्म नव्हे, इंड एएस ११३ तो वाजवी मूल्यातून कापू देत नाही.

गुणक बाजारातून आला, तरी ३० टक्के कपात आणि २२ टक्के सूट बाजारात दिसत नाहीत आणि दोन्ही मोठ्या आहेत. मानकात मापनाचे तीन स्तर आहेत: पहिला थेट बाजारभावाचा, दुसरा बाजारात दिसणाऱ्या दरांवरून काढलेल्या मूल्याचा, तिसरा स्वतःच्या अंदाजांवर बेतलेल्या मूल्याचा. म्हणून संपूर्ण मापन तिसऱ्या स्तरात जाते. तिसऱ्या स्तराला टिपांमध्ये संवेदनशीलता द्यावी लागते. गुणक १० टक्क्यांनी हलला तर मूल्य सुमारे ४७ लाखांनी हलते (गुणक-पद्धतीचे वजन निम्मे असल्यामुळे), आणि सूट ५ टक्के-बिंदूंनी हलली तर ४५ लाखांनी.

मागच्या तारखांचे मूल्य

१ एप्रिल २०२३ साठी ५.१० कोटी आणि ३१ मार्च २०२४ साठी ६.२५ कोटी निघाले. हे काढताना सर्वांत कठीण गेले ते माहीत असलेले विसरणे. २०२५ मध्ये बसून २०२३ चे अंदाज लिहिताना नंतरची भरभराट हातून नकळत उतरते. इंड एएस १०१ पश्चातबुद्धीला मनाई करते. १ एप्रिल २०२३ ला मोप्याचा विमानतळ सुरू होऊन तीन महिने झाले होते, ही गोष्ट तेव्हाच्या खरेदीदाराला माहीत होती, म्हणून ती धरायची. त्यानंतर खोल्या किती भरल्या, हे त्याला माहीत नव्हते, म्हणून ते धरायचे नाही. पहिल्या प्रयत्नात ५.८० कोटी आले होते. तेव्हाचे, मार्च २०२३ मध्ये रिसॉर्टच्या बँकेला दिलेले अंदाजपत्रक शोधून काढल्यावर ५.१० झाले. बँकेकडे त्या काळी दिलेली कागदपत्रे हा असा आकडा बांधण्याचा सर्वांत भक्कम आधार आहे.

स्थगित कराचा, म्हणजे या मूल्यवाढीवर पुढे विक्रीच्या वेळी लागणाऱ्या कराचा, हिशेबही बारकाईने पाहावा लागला, कारण मध्येच कायदा बदलला. ३१ मार्च २०२४ ला दीर्घकालीन भांडवली नफ्यावर २० टक्के कर होता आणि महागाई निर्देशांकाचा लाभ होता. खरेदी वर्षाचा निर्देशांक २४० आणि २०२३-२४ चा ३४८, म्हणजे ३.६० कोटींची किंमत ५.२२ कोटी होते. नफा १.०३ कोटी. कंपनी आयकर कायद्याच्या कमी दराच्या ११५बीएए कलमाखाली आहे, त्यामुळे १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून दर २२.८८ टक्के, आणि कर २३.५७ लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या हस्तांतरणाला दर १२.५ टक्के झाला आणि निर्देशांकाचा लाभ गेला. ३१ मार्च २०२५ ला नफा ३.४२ कोटी, दर १४.३० टक्के, कर ४८.९१ लाख. म्हणजे वर्षात मूल्य ७७ लाखांनी वाढले आणि स्थगित कर २५.३४ लाखांनी. लेखापालांनी ७७ लाखांना १४.३० टक्के लावून ११ लाख लिहिले होते, म्हणून शिल्लक जुळत नव्हती. उरलेला भाग कायदा बदलल्याचा परिणाम आहे. मूळ वाढ जेथे गेली तेथेच, म्हणजे इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, तोही जातो.

जूनमधले पत्र

हिशेब मंडळापुढे जाण्याच्या आधी, ९ जून २०२५ ला रिसॉर्टच्या प्रवर्तकांना एका हॉटेल साखळीचे पत्र आले. संपूर्ण रिसॉर्टसाठी १३० कोटींचे एंटरप्राइझ मूल्य. कर्ज आणि भाडेपट्टा वजा करून, रोख मिळवून १०७.२० कोटी, आणि त्याचे १२ टक्के १२.८६ कोटी. व्यवस्थापकीय संचालकांना साहजिकच हा आकडा ताळेबंदात हवा होता. ‘लेखी प्रस्ताव आहे, याहून मोठा पुरावा कोणता?’ असा त्यांचा प्रश्न होता.

हा आकडा घेता आला नाही, त्याची दोन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले, तारीख. वाजवी मूल्य ३१ मार्चचे आहे. त्या दिवशी खरेदीदाराला जे माहीत होते किंवा नेहमीच्या चौकशीत कळले असते, तेवढेच धरायचे. नंतर बाजार वर गेला वा खाली आला, तर त्याने मागचा आकडा बदलत नाही, आणि इंड एएस १० मध्ये हेच आहे. ऑडिटरने येथे योग्य चौकशी केली: बोलणी कधी सुरू झाली? फेब्रुवारीत गोपनीयतेचा करार झाला असता, साखळीच्या माणसांनी मार्चमध्ये खोल्या मोजल्या असत्या, तर ३१ मार्चच्या खरेदीदाराला ते कळले असते आणि काही भाग किमतीत धरावा लागला असता. प्रवर्तकांकडून लेखी घेतले: पहिला संपर्क जूनमध्येच.

दुसरे कारण ताब्याचे. १३० कोटी संपूर्ण रिसॉर्टचे आहेत. साखळी पैसे देते ते ताबा मिळतो म्हणून: आपले नाव लावता येते, पगार कमी करता येतात, पूर्ण उत्पन्न आपल्या हातात येते. १२ टक्के धारकाला त्याच दराने विकण्याचा हक्क असता तर हे मूल्य त्याच्यापर्यंतही बऱ्याच अंशी पोचले असते. असे कलम नाही. प्रवर्तक आपले शेअर विकून जाऊ शकतात आणि कुंडईची कंपनी नव्या मालकाखाली १२ टक्के घेऊन तशीच राहू शकते. ज्यांच्याकडे असे अल्पांश शेअर आहेत त्यांनी हे कलम पुढच्या भांडवल उभारणीच्या वेळी मागून घ्यावे. मूल्यांकनाच्या टेबलावर त्याची किंमत स्पष्ट दिसते.

प्रस्तावाची माहिती टिपेत दिली. आकडा ७.०२ कोटीच राहिला.

त्याच ताळेबंदातल्या बाकीच्या गोष्टी

नोंदलेले शेअर थोडे होते. ३१ मार्च २०२५ ला ईदची सुट्टी आणि आधीचे दोन दिवस शनिवार-रविवार, म्हणून २८ मार्चचा बंद भाव घेतला. मध्ये कंपन्यांबाबत मोठी बातमी नाही याची खात्री करून तो पहिल्या स्तरात ठेवला. तशी बातमी असती तर भाव सुधारावा लागला असता आणि स्तर खाली आला असता.

निर्यातीचे डॉलर विकण्याचे फॉरवर्ड करार (पुढच्या तारखेचा दर आजच ठरवणारे) होते. एक उदाहरण: ३० सप्टेंबर २०२५ साठी २० लाख डॉलर ८८.२० ला विकलेले. मसुद्यात स्पॉट, म्हणजे ताळेबंदाच्या दिवसाच्या, दराशी (८५.५८) तुलना करून ५२.४० लाखांचा फायदा लिहिला होता. तुलना त्याच तारखेच्या फॉरवर्ड दराशी करायची असते. तो ८६.५२ धरला. फरक १.६८ रुपये, २० लाख डॉलरवर ३३.६० लाख, आणि सहा महिन्यांसाठी साडेसहा टक्क्यांनी वटवून ३२.५४ लाख. बँक पैसे न देण्याच्या जोखमीची वजावट जेमतेम दहा हजारांची निघाली, पण हिशेबात दाखवली. दोन सूचना. कंपनीने डॉलर विकले आहेत, त्यामुळे बाहेर पडायचे तर तिला विकत घ्यावे लागतील, म्हणजे बँकेचा विक्रीचा दर लागतो. आणि बँकेच्या मार्क-टू-मार्केट पत्रातली (कराराचे आजच्या बाजारदराने मूल्य सांगणाऱ्या पत्रातली) अधिक-वजाची खूण बँकेच्या बाजूने आहे का, ते आधी पाहावे. बँकेला वजा म्हणजे आपल्याला अधिक. मसुद्यात दोन करार याच कारणाने उलटे लागले होते. हे सर्व दुसऱ्या स्तरात.

नागरी सहकारी बँकेचे शेअर कर्ज घेताना बहुधा घ्यावे लागतात, तारण कर्जावर अडीच टक्के. ते बाजारात विकता येत नाहीत, परत मिळतात ते दर्शनी किमतीलाच. बँक सुस्थितीत असेल तर दर्शनी किंमत हेच मूल्य. येथे डीसीएफ करण्यात अर्थ नाही.

गुंतागुंत झाली ती हमीची. कंपनीने उपकंपनीच्या १५ कोटींच्या कर्जाला मोबदला न घेता हमी दिली आहे. पाच वर्षांत वर्षाखेरीला तीन-तीन कोटी फेडायचे. हे दायित्व सुरुवातीला वाजवी मूल्याला घ्यावे लागते. करविभागाने लगेच १ टक्का सुचवला, वर्षाला १५ लाख, कारण जीएसटी नियम २८(२) मध्ये तो दर आहे. तो कर आकारण्यासाठीचा दर आहे. ही हमी स्वतंत्र माणसाने घेतली तर काय मागेल, हे त्यातून कळत नाही. बँकेकडून लेखी घेतले: हमीसह व्याज ९.२५ टक्के, हमीविना १०.७५ टक्के. दीड टक्क्याचा फरक उरलेल्या कर्जावर वर्षागणिक २२.५, १८, १३.५, ९ आणि ४.५ लाख होतो. १०.७५ टक्क्यांनी वटवल्यावर ५३.६१ लाख. स्वतंत्र ताळेबंदात ही रक्कम एका बाजूला उपकंपनीतल्या गुंतवणुकीत मिळते, दुसऱ्या बाजूला हमीचे दायित्व म्हणून बसते. पुढे अपेक्षित पतहानी (कर्ज बुडल्यास होणाऱ्या तोट्याचा अंदाज) आणि उरलेले दायित्व यांतले जे मोठे ते दाखवायचे. दरवर्षी नव्याने वाजवी मूल्य काढायचे नाही. एकत्रित ताळेबंदात ही नोंद राहत नाही, कारण तेथे कर्ज समूहाचेच असते.

गोदामाच्या ५० लाखांच्या बिनव्याजी, दहा वर्षांनी परत मिळणाऱ्या अनामतीचे ९ टक्क्यांनी मूल्य २१.१२ लाख. उरलेले २८.८८ लाख भाडेपट्ट्याच्या हक्कात मिळवले. पुढे ही अनामत व्याज धरत दहा वर्षांत ५० लाखांवर येते.

हे सर्व आकडे मंडळाने २७ जूनला मंजूर केले. ऑडिटरने फाइलमध्ये मागितलेली कागदपत्रे म्हणजे रिसॉर्टचे आर्टिकल्स, मार्च २०२३ चे बँकेला दिलेले अंदाजपत्रक, तुलनेच्या हॉटेलांची निवड आणि वगळलेल्यांची कारणे, अस्थिरतेचा हिशेब, प्रवर्तकांचे जूनच्या पत्राबद्दलचे निवेदन, आणि दोन व्याजदरांबद्दल बँकेचे पत्र. पुढच्या वर्षी हीच फाइल उघडून आधी पाहायचे ते एकच: २०२५-२६ चा प्रत्यक्ष एबिटडा या वर्षीच्या अंदाजापासून किती दूर पडला.